जुने विंडोज फॉरमॅट मारण्यापूर्वी

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या सरकारी कार्यालयांमधली वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे एकाएकी उघडू लागली. मराठा कुटुंबांच्या कुणबी असल्याच्या नोंदी शोधायच्या होत्या. परभणीसह सगळा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनी दप्तरे निघाली ती कुठे उर्दूत, कुठे मोडीत. कागद शाबूत होता, शाईही फारशी उडाली नव्हती. अडचण वाचणाऱ्यांची होती. मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. जी लिपी आपण शाळेतून काढून टाकली आणि नंतर हौशी अभ्यासकांचा छंद म्हणून बाजूला ठेवली, तिच्यावर हजारो कुटुंबांच्या जातप्रमाणपत्रांचे भवितव्य येऊन ठेपले.

त्या धावपळीत कुणी विचारला नाही असा एक प्रश्न मला पडतो. याच परभणीत १९९८ साली तयार झालेला एखादा मराठी मजकूर आज वाचायचा म्हटले, छापील प्रत नव्हे, संगणकातली मूळ फाइल, तर तो किती जण वाचू शकतील? माझ्या मते मोडी वाचणाऱ्यांपेक्षाही कमी. आणि पुढच्या दहा वर्षांत बहुधा कुणीच नाही.

हे अतिशयोक्त वाटेल. पंचवीस-तीस वर्षे म्हणजे काही फार नव्हेत. पण त्या फाइलचे काय होते ते जवळून पाहिले की खात्री पटते. परभणीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते १९९५ साली, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. त्याच सुमारास जिल्ह्याच्या गावांतून खिळ्यांचे छापखाने मागे पडू लागले होते. नानलपेठेत, स्टेशन रोडला, सेलूत, गंगाखेडला ‘डीटीपी सेंटर’ अशा पाट्या लागल्या. आत एक संगणक, त्यावर विंडोज ९५ किंवा ९८, त्यात पेजमेकर आणि मराठीसाठी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचे आयएसएम. मागे प्रिंटरच्या पोर्टला स्क्रूने आवळलेली पेटी, म्हणजे डोंगल. ती नसली की मराठी सॉफ्टवेअर चालतच नसे. या टेबलावरून पुढची पंधरा-वीस वर्षे जिल्ह्यातला जवळजवळ सगळा छापील शब्द गेला. साप्ताहिके, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कवितासंग्रह, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, शेतकऱ्यांसाठीच्या घडीपत्रिका. ऑपरेटर ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून प्लेटसाठी पाठवी, आणि फाइल तशीच संगणकात राही.

आज ती फाइल नव्या लॅपटॉपवर घ्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ची, आणि अडोबीने ते पुढे वाढवायचे थांबवले २००४ मध्ये. त्यानंतर काही वर्षे इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत असे, पण तेही सीएस ६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ते दार बंद केले. जानेवारी २०२३ पासून अडोबीने टाइप वन प्रकारच्या फॉन्टांचाही आधार काढून घेतला. समजा, कशीबशी फाइल उघडलीच, तर पहिल्याच पडद्यावर ‘फॉन्ट सापडला नाही’ अशी चौकट येते, आणि ती बाजूला सारली की खाली जे दिसते त्यात मराठीचे एक अक्षर नसते. डोक्यावर टिंबे असलेला इंग्रजी ओ, पौंडाचे चिन्ह, उलटे प्रश्नचिन्ह, मग एक कंस, मग पुन्हा एखादे फ्रेंच वळणाचे अक्षर. पानभर.

याचे कारण त्या काळच्या मर्यादेत आहे. फॉन्टमध्ये घरे होती २५६, आणि त्यातलीही सगळी वापरता येत नसत. देवनागरीची जोडाक्षरे, मात्रा, रफार एवढ्या जागेत बसवायचे म्हणून प्रत्येक कंपनीने आपापली कसरत केली. कृतीदेव या फॉन्टमध्ये ख, थ, ध, भ ही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन कळा दाबून बनतात. वेलांटी आधी दाबायची, व्यंजन नंतर, कारण संगणकाला भाषा कळत नव्हती, फक्त आकार शेजारीशेजारी ठेवता येत होते. कुठल्या घरात कुठला तुकडा हे कंपनीगणिक वेगळे, आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही वेगळे. आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांसाठीचे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले, युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही त्याच्याच आधारे झाली. पण छपाईच्या टेबलापर्यंत ही शिस्त कधी पोचलीच नाही. विंडोज २००० पासून संगणकाला देवनागरी समजू लागली तरी पेजमेकरला ती समजत नव्हती. डीटीपीवाल्याने मग जुने चालू ठेवले. त्याला दोष कसा द्यायचा? उद्या सकाळी अंक द्यायचा असतो.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह योजलेली ती सांकेतिक लिपी होती, आणि किल्ली पंथाबाहेर जाऊ न देण्याची खबरदारी घेतली होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठीतले सर्वांत जुने गद्य बाहेरच्या अभ्यासकांना जवळपास अज्ञात राहिले. १९९० ते २०१० या वीस वर्षांत आपण नकळत अशाच आठ-दहा सकळ लिप्या तयार केल्या. फरक एवढाच की महानुभावांना आपण काही लपवतो आहोत हे माहीत होते आणि त्यांनी किल्ली पिढ्यान्‌पिढ्या जपली. आपण किल्ली भंगारवाल्याला किलोवर देतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. कन्व्हर्टर आहेत ना, श्रीलिपीतून युनिकोड, कृतीदेवमधून युनिकोड, दोन मिनिटांचे काम. आहेत, आणि उपयोगीही आहेत. पण कन्व्हर्टरला मजकूर हातात द्यावा लागतो, म्हणजे फाइल आधी उघडावी लागते. उघडणार कशात? शिवाय कन्व्हर्टर म्हणजे कुणीतरी बनवलेला तक्ता. तो तक्ता आपल्याच फॉन्टच्या आपल्याच आवृत्तीचा आहे याची खात्री मूळ पान शेजारी दिसल्याशिवाय होत नाही. मराठीचा अर्धचंद्रासारखा र घ्या. हिंदीसाठी बनवलेल्या तक्त्यात त्याला जागा नसली की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि लग्नाच्या जेवणाला बोलावलेल्या आचाऱ्यांची जागा आचार्य घेतात. एखाद्या लेखात हे हसण्यावारी जाईल. पतसंस्थेच्या सभासदयादीत किंवा बियाण्यांच्या तक्त्यात गेलेली चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे आणि तो मी टाळणार नाही. छापील प्रत असताना फाइल हवी कशाला? स्कॅन करा, ओसीआर लावा. मराठीचे ओसीआर गेल्या काही वर्षांत खरोखर सुधारले आहे. चांगल्या कागदावरच्या स्वच्छ छपाईसाठी मीही तोच मार्ग सुचवीन. पुस्तकांची प्रत मिळण्याची शक्यताही बरी आहे, कारण १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, आणि १९५६ पासून वृत्तपत्रेही त्यात आली. पण जिंतूरच्या शाळेची स्मरणिका कुणी कोलकात्याला पाठवली असेल असे वाटत नाही. मानवतच्या बाजारभावाचे चार पानी साप्ताहिक न्यूजप्रिंटवर निघाले, आज हातात घेतले तर घडीवर तुटते. जिथे छापील प्रत टिकण्याची शक्यता सर्वांत कमी, तिथेच मूळ फाइल कुठल्या तरी जुन्या संगणकात पडून असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. त्या फाइलीतला मजकूर अक्षरन्‌अक्षर अचूक असतो, ओसीआरसारखा अदमासाने वाचलेला नसतो. काही गोष्टी तर छापल्याच गेल्या नाहीत: जागेअभावी गाळलेला लेख, तिसऱ्या प्रुफात बदललेली कविता, संपादकाने शेवटच्या क्षणी काढलेला परिच्छेद. परभणीचे लेखक-कवी बी. रघुनाथ यांच्या हस्तलिखितातली खाडाखोड पाहायला मिळाली तर आपण परभणीकर मंडळी भारावून जाऊ. पुढच्या एखाद्या कवीची खाडाखोड याच फाइलींत आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे: आधी यंत्रणा जपा, मग मजकूर बदला. आज होते ते उलटे आहे, किंवा होतच नाही. कुणी उत्साही माणूस जुन्या फाइली युनिकोडमध्ये करून घेतो आणि समाधानाने जुन्या संगणकावर फॉरमॅट मारतो. मोडी कागदाचे देवनागरी लिप्यंतर झाले म्हणून कुणी मूळ कागद चुलीत घालत नाही. लिप्यंतर करणारा चुकू शकतो आणि चूक शोधायला मूळ लागते, हे तिथे सगळ्यांना मान्य असते. संगणकाच्या बाबतीत मात्र नवे आले की जुने टाकून द्यायचे हा बाजाराचा नियम आपण ज्ञानाचाही नियम करून टाकला आहे. विंडोज ९८ आणि एक्सपी या माझ्या दृष्टीने छंदाच्या वस्तू नाहीत. त्या मराठीच्या एका कालखंडाच्या वाचनपद्धती आहेत.

यंत्रणा जपणे म्हणजे जुने डबे फडताळात रचून ठेवणे नव्हे. तसे ठेवले तर परभणीचा उन्हाळाच त्यांचा निकाल लावील. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर उतरतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, नाण्याएवढी बॅटरी संपते. असा संगणक बऱ्याच वर्षांनी सुरू केला की काळ्या पडद्यावर आधी चेकसमची तक्रार येते, मग तारीख कुठल्या तरी जुन्या सालावर जाऊन बसलेली दिसते. त्याच वेळी घाईने काही साठवले तर नव्या फाइलीवर त्या जुन्या सालाचा शिक्का पडतो आणि पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होते. म्हणून जाणकार असा संगणक सुरूच करत नाहीत. आधी हार्ड डिस्क काढून आयडीई-यूएसबी जोडणीने तिची जशीच्या तशी इमेज घेतात, म्हणजे कोऱ्या भागासह एकूण एक बाइट. मग ती इमेज नव्या यंत्रावर व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा इम्युलेटरमध्ये चालवतात. नव्या संगणकाच्या एका खिडकीत विंडोज ९८ सुरू होते, ढगांचे चित्र येते, आणि श्रीलिपी किंवा आयएसएम त्या काळच्याच कळफलकासह उभे राहते. म्हणजे डोंगल जागेवर असला तर.

परभणीच्या कृषी विद्यापीठाला हे समजावून सांगावे लागू नये. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी देशभर गेली, ती केवड्याला, म्हणजे पिवळ्या शिरांच्या विषाणूला, दाद देत नसे म्हणून. ती प्रतिकारशक्ती आली रानटी जातीच्या संकरातून, बाजारात जिला कुणी विचारले नसते अशा. रानटी वाण कुणीतरी जपला होता म्हणून तो संकर करता आला. आणि वाण जपायचा म्हणजे बी बरणीत भरून विसरायचे नसते, ठरावीक वर्षांनी ते पेरून, उगवून पुन्हा नवे बी धरावे लागते. इमेजचेही तसेच आहे. दर काही वर्षांनी ती नव्या माध्यमावर उतरवायची, चालवून पाहायची, तपासणी-अंक जुळतो का बघायचा.

सुरक्षेची भीती खरी आहे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरले तेव्हा कंपनीला अपवाद करून एक्सपीसाठीही दुरुस्ती द्यावी लागली. यावर उपाय साधा आहे: ही यंत्रणा इंटरनेटला जोडायचीच नाही. वाचनासाठी ठेवलेल्या यंत्राला इंटरनेटचे काय काम?

कायद्याची भीती त्याहून मोठी वाटते, आणि ती निम्मी अज्ञानातून आलेली आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात, कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक-प्रोग्रामची हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून प्रत ठेवायची मुभा आहे. डोंगलचा प्रश्न अवघड. २०१२च्या दुरुस्तीने आलेले ६५ए कलम कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा उद्देश असेल तर, हे शब्दही त्याच कलमात आहेत. अमेरिकेत याहून कडक कायदा असूनही २००३ मध्ये तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने बिघडलेल्या आणि कालबाह्य डोंगलांपुरती स्पष्ट सूट दिली होती. आपल्याकडे अशी सूट कुणी मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आणखी एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे: त्या काळी डीटीपी सेंटरांतले विंडोज आणि पेजमेकर पुष्कळ ठिकाणी चोरीचे होते, गावोगाव एकच सीडी फिरे. अशा प्रतीतून सॉफ्टवेअर वाटायचे नाही. पण तिच्यावर टाइप झालेला मजकूर चोरीचा नसतो. तो वाचण्यापुरती यंत्रणा ठेवणे आणि यंत्रणेची सीडी पुन्हा वाटत सुटणे यांतला फरक कळायला वकील लागत नाही.

हा फरक सांभाळणारी माणसे मात्र लागतात. जुन्या संगणकांचे हौशी जगभर आहेत, आणि त्यांच्याशिवाय यातले फारच थोडे उरले असते. एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ४.०० चा मूळ कोड खुला केला त्यामागेही एक तरुण इंग्रज हौशी अभ्यासक होता. त्याने मायक्रोसॉफ्टचे माजी अधिकारी रे ओझी यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांच्याकडच्या जुन्या फ्लॉप्यांचा माग काढला होता. पण हौसेला दोन खोडी असतात. एक, जमवण्यात आनंद असतो, नोंदी ठेवण्याचा मात्र कंटाळा येतो. दोन, नवख्याने साधा प्रश्न विचारला की चार जाणते त्याच्यावर तुटून पडतात आणि तो माणूस आपली हार्ड डिस्क घेऊन परत जातो. त्या डिस्कवर काय होते ते मग कळतच नाही. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे उदाहरण मला इथे मोलाचे वाटते. ग्रामोफोनच्या तबकड्या त्याआधीही लोक जमवत होतेच. या मंडळींनी तबकडीवरचे क्रमांक, गायक, कंपनी, साल यांच्या याद्या करायला आणि छापायला सुरुवात केली, आणि संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या संग्रहांवर विसंबता येऊ लागले. जुन्या विंडोजच्या हौशी गटाचे नियंत्रण करणाऱ्याचे कामही तसेच आहे: ही प्रत कुठून आली, कोणती आवृत्ती, मूळ की फोडलेली, फॉन्ट कोणते, कोणाच्या टेबलावरची. भांडणे मिटवणे हे त्याचे दुय्यम काम.

आता हे करायचे कुणी? पुण्या-मुंबईवर सोडून चालणार नाही. तिथे सॉफ्टवेअर जपले जाईलही, पण परभणीच्या ऑपरेटरची बोटे तिथे नाहीत. आल्ट कळ दाबून चार आकडे मारले की ‘ह्म’ उमटतो आणि दुसरे चार मारले की ‘द्ध’, असे डझनावारी संकेत त्याच्या बोटांत आहेत, कागदावर कुठेच नाहीत. फाइलला नाव देताना गिऱ्हाइकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि महिना घालायची एखाद्याची पद्धत असते, ती माहीत नसेल तर चार हजार फाइलींत ‘दिवाळी’ सापडत नाही. ही माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. कुणी झेरॉक्स सेंटर चालवतो, कुणी सेतू केंद्र. जिल्ह्यात महाविद्यालये आहेत, संगणकशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी तेच ते ग्रंथालय-व्यवस्थापनाचे प्रकल्प करतात. त्यांतल्या चौघांना एका ऑपरेटरशेजारी सहा महिने बसवले तर प्रकल्पही होईल आणि कामही. जिल्हा ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात दोन संगणक पुरतील. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली. त्या निमित्ताने येणारा पैसा शिलालेख, ताम्रपट आणि पोथ्यांकडे जाईल, जावाही. त्यातला अगदी थोडा १९९८ कडे वळवायला हरकत कुणाची असणार आहे?

खरी हरकत वेगळीच निघेल, आणि तिच्यावर उत्तर तयार ठेवल्याशिवाय पहिली डिस्कही घेऊ नये. डीटीपी सेंटरच्या डिस्कवर फक्त कविता नसतात. घटस्फोटाचे मसुदे असतात, प्रतिज्ञापत्रे असतात, लग्नाचे बायोडाटा, पोलिसांत द्यायचे तक्रार अर्ज, भावाभावांच्या वाटणीपत्राचे तीन निरनिराळे मसुदे. लोकांनी ती टाइप करून घेतली ती ऑपरेटर गप्प बसेल या भरवशावर. गावात त्या नावांची माणसे आजही हिंडताफिरताना दिसतात. तेव्हा डिस्कची इमेज घ्यावी, पण ती बंद ठेवावी. जे छापून प्रसिद्ध झाले तेवढेच वाचायला खुले करावे, तेही लेखकाचा किंवा वारसाचा हक्क संपलेला नसेल तर त्यांना विचारून. बाकीच्याची नुसती मोजदाद ठेवावी, नावे नाहीत. यादी करायला बसणाऱ्या विद्यार्थ्याकडून गुप्ततेचे लेखी घ्यावे. आणि काय खुले, काय बंद हे ठरवताना पहिली खुर्ची त्या ऑपरेटरची असावी. कोणती फाइल कुणी कोणत्या विश्वासाने दिली होती हे त्याच्याएवढे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नाही, आणि एखादी डिस्क मी देणार नाही असे तो म्हणाला तर ते ऐकून घेतले पाहिजे.